सूत्राआधी चित्र

उधन्यातल्या जुन्या पद्धतीच्या लूम कारखान्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. प्रत्येक मागावर एक लाकडी धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेकला जातो आणि दर फेरीला पेटीत आदळून थांबतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने सुरतेला आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचा संसार या मागांवर उभा राहिला. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांमधली मुलं हाच खडखडाट ऐकत वाढली. पुढे अकरावीत त्यांना न्यूटनचे नियम भेटतात ते मात्र उतरणीवरचा ठोकळा, वजन नसलेली दोरी आणि घर्षण नसलेली कप्पी यांच्या रूपात. धोटा पुस्तकात येत नाही. आपण या प्रकरणाची सुरुवात त्याच्यापासूनच करू.

उदाहरण असं: ४०० ग्रॅमचा धोटा सेकंदाला १० मीटर वेगाने पेटीत शिरतो आणि १५ सेंटिमीटर अंतरात थांबतो. त्याला थांबवणारं सरासरी बल किती? आणि धोटा सतत फेकत-थांबवत राहण्यात किती ऊर्जा वाया जाते?

बहुतेक विद्यार्थ्यांची वही इथे ठरलेल्या तीन ओळींनी सुरू होते: दिलेले, काढावयाचे, सूत्र. पहिल्या दोन ओळींबद्दल तक्रार नाही. अडचण तिसरीची आहे. तिथे पोचेपर्यंत विद्यार्थ्याने धोटा डोळ्यांसमोर आणलेलाच नसतो. त्याची नजर ‘वस्तुमान, वेग, अंतर’ या तीन शब्दांवर असते आणि हे तिन्ही ज्यात बसतील असं सूत्र तो आठवणीत धुंडाळत असतो. सूत्र सापडलं तर उत्तर येतं, नाही सापडलं तर तो म्हणतो, ‘हा प्रकार सरांनी शिकवलेला नाही.’

आता तेच उदाहरण दुसऱ्या वाटेने सोडवू. आधी चित्र काढा. चित्रात फक्त धोटा असू द्या, बाकीचा माग पुसून टाका. धोट्याला काय काय स्पर्श करतंय? खाली फळी आहे, बाजूला पेटीतली दाबपट्टी आहे, समोर धोट्याला फेकणारा पिकर आहे. खालची फळी त्याचं वजन पेलते, त्यामुळे आडव्या गतीवर वजनाचा प्रत्यक्ष परिणाम नाही. दाबपट्टीचं घर्षण आणि पिकरचा विरोध ही दोन बलं गतीच्या उलट दिशेला आहेत. म्हणजे प्रश्न एवढाच उरला: धोट्याकडे जी गतिज ऊर्जा होती ती १५ सेंटिमीटरमध्ये या दोन बलांनी काढून घेतली.

किती ऊर्जा होती? ½ × ०.४ × १०² = २० ज्यूल. ती ०.१५ मीटरमध्ये संपली, म्हणून सरासरी बल २० ÷ ०.१५, सुमारे १३३ न्यूटन. धोट्याचं स्वतःचं वजन जेमतेम ४ न्यूटन. आपल्या वजनाच्या ३३ पट बल तो दर फेरीला सोसतो. लाकूड का झिजतं, पिकर का तुटतात आणि कारखान्यात एवढा आवाज का असतो, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

पुढे जाऊ. मिनिटाला १५० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला अडीच. दर फेरीला २० ज्यूल म्हणजे ५० वॉट. एवढी शक्ती केवळ धोट्याला वेग देऊन तो वेग पुन्हा मारून टाकण्यात जाते. ४० मागांच्या शेडमध्ये ती २,००० वॉट होते, आणि तिचं रूपांतर उष्णतेत व आवाजात होतं.

एवढ्या खटाटोपाने धोटा काय वाहून नेतो? बाण्याचा एक धागा. सुरतेत पॉलिस्टरचा धागा डेनियरमध्ये मोजतात. १०० डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वस्तुमान १०० ग्रॅम. कापडाचा पन्हा १.२ मीटर असेल तर एका फेरीत लागणारा धागा ०.०१३ ग्रॅमच्या आसपास. तो पलीकडे पोचवायला आपण त्याच्या ३०,००० पट जड धोटा फेकतो! हा आकडा हाती आला की बिनधोट्याचे माग का आले हे वेगळं शिकवावं लागत नाही. वॉटर जेट मागावर पाण्याची बारीक चिळकांडी धागा पलीकडे नेते. फेकायचं वस्तुमान काही ग्रॅमवर येतं, म्हणून वेग कितीतरी वाढवता येतो. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, म्हणून ही पद्धत सुरतेच्या कापडाला मानवली.

भौतिकशास्त्रातलं उदाहरण असं सोडवायचं असतं. उत्तराच्या आकड्यावर ते संपत नाही. तो आकडा जगाबद्दल काय सांगतो, ते कळल्यावर संपतं.

उस्ताद आणि नवशिका

१९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. यामिकीची उदाहरणं कार्डांवर लिहून त्यांनी दोन गटांना दिली. एका गटात भौतिकशास्त्रात मुरलेली माणसं होती, दुसऱ्यात नुकताच पहिला अभ्यासक्रम केलेले विद्यार्थी. सांगितलं एवढंच, की सारखी वाटतील ती कार्डं एकत्र ठेवा. विद्यार्थ्यांनी उतरणीची एकत्र ठेवली, स्प्रिंगची एकत्र, कप्पीची एकत्र. जाणकारांच्या ढिगांत उतरण आणि स्प्रिंग शेजारी शेजारी पडल्या होत्या, कारण दोन्ही उदाहरणं ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटत होती. नवशिका वस्तू पाहतो, जाणकार तत्त्व पाहतो.

आपल्याकडच्या दोन वस्तू घेऊन हे तपासू. उधना–जळगाव मार्गावरून येणारी गाडी ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने धावते आहे. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. ती किती अंतरात थांबेल? ३०² ÷ (२ × ०.५) = ९०० मीटर. शेकडो टनांची गाडी आणि ४०० ग्रॅमचा धोटा दिसायला एकमेकांपासून कोसो दूर. तरी उदाहरण तेच आहे: गतिज ऊर्जा होती, विरोधी बलाने ती काही अंतरात संपवली. गाडीचं वस्तुमान दिलेलं नव्हतं आणि ते लागलंही नाही. का लागलं नाही, यावर थोडा विचार करा. गाडी दुप्पट जड केली आणि मंदन तेवढंच ठेवलं, तर बलही दुप्पट लागेल. ऊर्जा आणि बल दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतात, अंतर तेच राहतं. ज्याला हे साम्य दिसलं त्याची दोन उदाहरणं एकदम झाली. शंभर उदाहरणं सोडवूनही ज्याला ते दिसलं नाही, त्याला एकशे एकावं उदाहरण पुन्हा नवंच वाटेल.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या छोट्या पुस्तकात उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, मागे वळून पाहा. यामिकीसाठी ते थोडे उलगडून असे सांगता येतील. पहिलं, कोणत्या वस्तूचा विचार करायचा ते ठरवा आणि तेवढीच वस्तू चित्रात ठेवा. दुसरं, तिच्यावरचं प्रत्येक बल बाणाने दाखवा आणि प्रत्येक बाणाला विचारा, ‘तुला लावणारी वस्तू कोण?’ तिसरं, तत्त्व निवडा: बलांचा समतोल, न्यूटनचा दुसरा नियम, संवेग की ऊर्जा. चौथं, आकडे घालण्याआधी उत्तराचा अंदाज बांधा. पाचवं, उत्तर आल्यावर त्याची झडती घ्या: एकक बरोबर आहे का, वेग शून्य धरला तर उत्तर शहाणपणाचं येतं का, एखादी राशी दुप्पट केली तर काय होतं? आपल्या वर्गांमध्ये सर्वाधिक टाळला जातो तो हा पाचवा टप्पा, आणि खरं शिक्षण बरंचसं तिथेच होतं.

पतंगाला वर कोण धरतं?

दुसऱ्या टप्प्यातला प्रश्न, ‘तुला लावणारी वस्तू कोण?’, किती धारदार आहे ते उत्तरायणाच्या आकाशात पाहू. १४ जानेवारीला सुरतेच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आकाशात स्थिर उभ्या असलेल्या एका पतंगाकडे बोट दाखवून मुलांना विचारा, ‘दोरी पतंगाला कोणत्या दिशेने ओढते?’ पुष्कळ मुलं सांगतील, ‘वर. दोरीमुळेच तर तो वर राहतो.’

आता चित्र काढा. पतंगाला दोनच गोष्टी स्पर्श करतात, दोरी आणि हवा. तिसरं बल गुरुत्वाचं, त्याला स्पर्शाची गरज नाही. दोरी पतंगाकडून आपल्या हाताकडे येते. दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणजे ती पतंगाला खाली आणि आपल्या दिशेने ओढते. वर उचलण्याचं सगळं काम वाऱ्याचं.

समजा पतंग २० ग्रॅमचा, म्हणजे वजन ०.२ न्यूटन. दोरी ४५ अंशांत, ताण ३ न्यूटन. दोरीचा आडवा घटक २.१ न्यूटन, खालचा घटकही २.१ न्यूटन. पतंग स्थिर आहे, म्हणून वाऱ्याचं बल आडव्या दिशेत २.१ आणि वरच्या दिशेत २.१ + ०.२ = २.३ न्यूटन असलं पाहिजे. पतंगाचं वजन या हिशेबात अगदी किरकोळ निघालं. वाऱ्याची झुंज मुख्यतः दोरीशी आहे.

मग ‘काइपो छे!’ची आरोळी उठते आणि दोरी कापली जाते. खाली ओढणारं बल गेलं, तर पतंग वर जायला हवा. क्षणभर तो उसळतोही. पण दोरीने अडवलेला नसल्यामुळे तो वाऱ्याबरोबर वाहू लागतो. वाऱ्याच्याच वेगाने वाहणाऱ्या पतंगाला वारा लागत नाही, कारण बल ठरतं ते हवेच्या सापेक्ष वेगावर. वर उचलणारं बल मावळतं, उरतं वजन, आणि पतंग हेलकावे खात उतरतो. म्हणजे खाली ओढणारी दोरी होती म्हणूनच पतंग वर टिकून होता. मुलांच्या पहिल्या उत्तरात सत्याचा अंश होता, फक्त बाणाची दिशा उलटी होती. बाण काढायला लावला नसता तर ती चूक कधी बाहेरच आली नसती.

अशा आत दडून बसलेल्या कल्पना फार चिवट असतात. ‘वर फेकलेलं नाणं वर जातं, म्हणजे त्याच्यावर वरच्या दिशेने बल आहे’ ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. हात सुटल्यावर नाण्यावर वरचं बल लावणारी वस्तूच उरत नाही. तिथे फक्त गुरुत्व आणि थोडा हवेचा विरोध असतो. तरी उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही वरचा बाण काढतात. गतीला सतत बल लागतं ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली आहे. ती मोडायला गॅलिलिओला उतरणीवरून गोळे सोडून काळ मोजावा लागला. १६३८ साली त्याने ते काम ग्रंथरूपाने मांडलं आणि १६८७ साली न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ने त्यावर शिक्कामोर्तब केलं. जी समजूत सोडायला माणसाला हजारो वर्षं लागली, ती एका तासिकेत सुटेल अशी अपेक्षा मुलांकडून धरू नये.

अमेरिकेत डेव्हिड हेस्टिनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या कल्पना तपासणारी एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, रोजच्या प्रसंगांवरचे साधे प्रश्न आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी अशीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. अवघड आकडेमोड सहज करणारे विद्यार्थी या साध्या प्रश्नांवर अडखळले, तेव्हा माझूर यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यापैकी किती भाग शेवटी यायला लागला, हे त्यांनी मोजलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत तो सरासरी २३ टक्के होता. विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला आणि लगेच आपली चूक पाहायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

यातून आपल्या घरांसाठी निघणारा धडा स्वस्त आहे. उदाहरण सोडवताना मोठ्याने बोला, आणि घरात जी भाषा बोलता तिच्यात बोला. अहिराणी असेल तर अहिराणीत. बाण कुणी लावला हे आजीला समजावता आलं, तर ते तुम्हाला समजलं आहे.

गुडघाभर पाणी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत सोडलेला विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली बुडाला. हे आकडे त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होते. पण ९ लाख क्युसेक म्हणजे किती? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे ०.०२८३ घनमीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २५,५०० घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला २५,५०० टन पाणी. एककं बदलणं हा कंटाळवाणा सराव वाटतो, पण वर्तमानपत्रातला आकडा त्यानेच जिवंत होतो.

आता जिवाशी गाठ असलेला प्रश्न. रस्त्यावरून गुडघाभर पाणी वाहतं आहे. त्यात उभं राहता येईल का? याचं सूत्र पाठ नसलं तरी ते घडवता येतं. पायांची पाण्याला अडवणारी जागा ‘क्षेत्रफळ’ इतकी आणि पाण्याचा वेग ‘वेग’ इतका. दर सेकंदाला पायांवर येणाऱ्या पाण्याचं वस्तुमान = घनता × क्षेत्रफळ × वेग. त्या पाण्याचा वेग पूर्ण थांबला तर दर सेकंदाला नष्ट होणारा संवेग, म्हणजेच बल, = घनता × क्षेत्रफळ × वेग². पाणी पूर्ण थांबत नाही, पायांना वळसा घालून जातं, म्हणून साधारण निम्मं धरू.

एकेक पाय १२ सेंटिमीटर रुंद, पाणी ५० सेंटिमीटर खोल. दोन पायांचं क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. बल = ६० × वेग² न्यूटन. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ६० न्यूटन, २ मीटर असेल तर २४० न्यूटन. वेग दुप्पट, बल चौपट.

आपल्याला रस्त्यावर धरून ठेवणारं बल घर्षणाचं. ६० किलोच्या माणसाचे बुडालेले पाय सुमारे ६ लिटर पाणी बाजूला सारतात, तेवढं त्याचं वजन हलकं होतं. उरले ५४ किलो, म्हणजे ५४० न्यूटन. चिखलाच्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.३ धरला तर घर्षण जास्तीत जास्त १६० न्यूटन. ६० × वेग² = १६० सोडवलं की वेग येतो सेकंदाला १.६ मीटर, ताशी सहा किलोमीटरहून थोडा कमी. भराभर चालणाऱ्या माणसाचा हा वेग.

मग कंबरभर पाणी घ्या. खोली १ मीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, बल १५० × वेग². शरीर जवळपास अर्धं बुडालेलं, म्हणून पायांखाली दाब फक्त ३०० न्यूटन आणि घर्षण ९० न्यूटन. आता सेकंदाला ०.८ मीटरपेक्षाही कमी वेग, ताशी तीन किलोमीटरच्या आतला, माणसाला वाहून न्यायला पुरेसा आहे. खोली वाढली तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या. पाण्याला ढकलायला जागा जास्त मिळाली आणि जमिनीवरची आपली पकड सैल झाली. इथले आकडे ढोबळ आहेत. घर्षणगुणांक बदलेल, माणसाची उंची बदलेल. निष्कर्ष मात्र टिकून राहतो: संथ दिसणाऱ्या कंबरभर पाण्यातही उतरू नये. पुराच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाने हे उदाहरण शाळेत एकदा तरी सोडवलेलं असावं, असं मला फार वाटतं.

सराव कसा करावा

२०१७ पर्यंत आयआयटी कानपूरला शिकवलेले एच. सी. वर्मा यांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हे पुस्तक १९९२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. त्यातल्या प्रकरणांच्या शेवटी आकडेमोडीच्या आधी विचार करायला लावणारे छोटे प्रश्न असतात. घाईत असलेले विद्यार्थी तेच वगळतात. ते वगळू नका, बलांचे बाण नीट करण्याची जागा तीच आहे. पुढे जायची हौस असेल तर मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडचे प्रश्न पाहा. भारत १९९८ पासून या विषयाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये उतरतो आणि २०१५ ची स्पर्धा मुंबईतच झाली. त्या प्रश्नांत परिस्थिती अनोळखी असते, तत्त्वं तीच असतात.

रोज वीस उदाहरणं उरकण्यापेक्षा तीन पुरी करा. अडलात तर उत्तर उघडण्याआधी चित्र पुन्हा काढा. उत्तर पाहिलंत तर पुस्तक मिटून ते उदाहरण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सोडवा. आणि सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाखाली एक ओळ लिहा: ‘इथे कोणतं तत्त्व वापरलं?’ महिनाभराने नुसत्या त्या ओळी वाचल्या तरी ध्यानात येईल की सगळी यामिकी मोजक्या तत्त्वांवर उभी आहे.

स्वतः सोडवा

१. हिरे घासायच्या घंटीची तबकडी मिनिटाला ३,००० फेरे घेते. मध्यापासून १० सेंटिमीटरवरच्या बिंदूचा वेग किती? तिथे १ ग्रॅमचा असमतोल राहिला तर आसावर किती बल येईल? (सेकंदाला सुमारे ३१ मीटर, सुमारे १० न्यूटन. तबकडीचा तोल इतक्या काटेकोरपणे का साधतात ते यावरून सांगा.)

२. नदीचं पात्र ४०० मीटर रुंद, प्रवाह सेकंदाला १ मीटर, होडीचा पाण्यातला वेग सेकंदाला २ मीटर. सगळ्यांत कमी वेळात पलीकडे जायला होडीचं तोंड कुठे ठेवाल? अगदी समोरच्या घाटावर पोचायला कुठे ठेवाल? (२०० सेकंद, प्रवाहाच्या विरुद्ध ३० अंश कलवून सुमारे २३१ सेकंद.)

३. उकाईच्या मुख्य जलविद्युत केंद्राची क्षमता ३०० मेगावॉट आहे. पाणी ५० मीटर उंचीवरून पडतं आणि ऊर्जा अजिबात वाया जात नाही असं धरून सेकंदाला किती घनमीटर पाणी लागेल? २००६ च्या विसर्गाशी तुलना करा. (६०० घनमीटर, विसर्ग त्याच्या चाळीस पटींहून जास्त.)

४. अठवा आणि अडाजण जोडणाऱ्या केबल पुलासारख्या पुलावर एक केबल रस्त्याशी ६० अंश करते, दुसरी ३० अंश. दोघींनी सारखंच वजन पेलायचं असेल तर ताण कोणत्या केबलीत जास्त आणि किती पट? (३० अंशांच्या केबलीत, सुमारे १.७ पट. मनोरे उंच का बांधतात?)

५. तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी रोजच्या कामातून एक उदाहरण तयार करा. आकडे त्यांनाच विचारा, वजन आणि अंतर स्वतः मोजा, बलांचं चित्र काढा, उत्तर काढा आणि ते त्यांना समजावून सांगा. उत्तर त्यांच्या अनुभवाशी जुळलं नाही, तर चित्रात कोणता बाण राहून गेला ते दोघांनी मिळून शोधा.